आत्ता तर चालतंय!

मराठी भाषेत घातक वाक्यं पुष्कळ आहेत. 'मी काय म्हणतो' हे त्यांपैकी एक. ते उच्चारणारा माणूस पुढचा अर्धा तास काय म्हणतो, ते त्यालाही कळत नाही. 'सहज आलो होतो' हे दुसरं. सहज आलेल्या माणसाच्या खिशात जामीनकीचा फॉर्म असतोच असतो. पण माणसाचा पैसा, वेळ, नोकरी आणि प्रसंगी जीव घेणारं, या सगळ्यांहून घातक वाक्य कुठलं असेल, तर ते म्हणजे 'आत्ता तर चालतंय!'

हे वाक्य दुरुस्तीला बोलावलेला माणूस म्हणतो. ते म्हणायला एक खास चेहरा लागतो. भुवया किंचित वर, ओठांवर क्षमाशील हसू आणि नजरेत 'उगाच त्रास दिलात' असा भाव. घरचा मिक्सर तीन दिवस खोकत असतो. पिशवीत घालून दुकानात न्यावा, तर तिथे तो पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा घडाघडा चालतो. दुकानदार म्हणतो, 'आत्ता तर चालतंय!' आपण ओशाळतो, मिक्सरच्या वतीने माफी मागतो आणि घरी येतो. घरी आल्यावर मिक्सर पुन्हा खोकतो. चटणी जाडीभरडी राहते, एवढ्यावर भागतं.

पण हेच वाक्य गोदामात, दोन टन माल उचलणाऱ्या बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टसमोर म्हटलं जातं, तेव्हा प्रकरण चटणीवर भागत नाही. म्हणून आज मी या वाक्याविरुद्ध रीतसर दावा दाखल करतो आहे.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि फोर्कलिफ्टचा संबंध काय? बँकेत फोर्कलिफ्ट नसते हे खरं. पण फोर्कलिफ्ट पुष्कळदा बँकेकडे असते, म्हणजे नजरगहाण. कारखानदार ती वापरतो आणि बँक तिच्याकडे लांबून नजर ठेवते. ती मधूनमधून बंद पडली तरी कर्जाचा हप्ता मधूनमधून बंद पडत नाही. तो महिन्याच्या महिन्याला बिनचूक येतो. दुसरा संबंध असा, की माझा मेव्हणा भोसरीला बॅटरी-फोर्कलिफ्टच दुरुस्त करतो. रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, की आमटीच्या पहिल्या भुरक्याला कंट्रोलर आणि शेवटच्या भाताला कॉन्टॅक्टर असा बेत असतो. बायको म्हणते, तुम्ही दोघं काय बोलता ते मला कळत नाही. मला कळतं. कारण मी बी.कॉम. आहे आणि हा मूळचा हिशेबाचाच विषय आहे, हे मी पुढे सिद्ध करणार आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. या फोर्कलिफ्टच्या पोटात एक अवजड बॅटरी असते. आठ-नऊशे किलोची, हजार किलोचीही. तिचं वजन वाया जात नाही. पुढे माल उचलल्यावर गाडी नाकावर पडू नये म्हणून ते मागचा तोल धरतं. अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी म्हणजे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, एकामागे एक, रेशनच्या रांगेसारखे. या बॅटरीवर झाकण, झाकणावर सीट आणि सीटवर ड्रायव्हर.

आता ड्रायव्हरने पेडल दाबलं, की गाडी लगेच निघते असं समजू नका. आमच्याकडे जसं पैसे काढायच्या स्लिपवर सही तपासणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा, पास करणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा, तसंच इथे आहे. किल्लीने संमती द्यायची. सीटखालच्या स्विचने 'माणूस जागेवर आहे' असा दाखला द्यायचा. पुढे की मागे, ते दांड्याने सांगायचं. मग पेडल. या सगळ्यांचे कागद नीट आले, की कंट्रोलर नावाचे साहेब मंजुरी देतात, कॉन्टॅक्टर 'खट्' असा आवाज करून शिक्का मारतो आणि मोटरला करंट मिळतो. यातला एक जण जरी क्षणभर चहाला गेला, तरी गाडी जागच्या जागी उभी. माणूस जागेवर नसला की काम बंद, हा नियम फोर्कलिफ्टमध्ये फार कडक पाळतात. बँकेत पाळतात की नाही, ते तुम्हीच सांगा.

यातला कोणी कायमचा मेला, तर दुःख नाही. वायर तुटली, फ्यूज उडाला, मीटर लावला, सापडला, बदलला, चहा प्यायला. खरा वैरी तो, जो मधूनमधून मरतो. सकाळी मेला, दुपारी जिवंत, मेकॅनिक फाटकातून आत येताना ठणठणीत आणि मेकॅनिकची मोटरसायकल फाटकाबाहेर गेली की पुन्हा तिरडीवर. अशा दोषाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. गोदामात त्याला 'भूत' म्हणतात आणि यंत्राला लिंबू-मिरची बांधतात. बॅटरीत आधीच ॲसिड. त्यात लिंबाची भर.

आता एका भुताची हकीकत सांगतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही, कारण बँकेत गुप्तता पाळायची आम्हाला सवय आहे. एका गोदामात फोर्कलिफ्ट दिवसातून दोन-चार वेळा अचानक थांबायची. कधी आठवडाभर थांबायचीच नाही. पहिला मेकॅनिक आला. किल्ली फिरवली, सीटवर ताठ बसला, पुढे गेला, मागे आला, फाटे वर केले, खाली केले आणि आपलं ऐतिहासिक वाक्य बोलून, भेटीचं बिल ठेवून निघून गेला. दुसरा आला. तो विद्वान होता. त्याने झाकण उघडून कंट्रोलर बदलला. किंमत विचारू नका; मालकांनी ती अजून कोणाला सांगितलेली नाही. गाडी चार दिवस चालली. पाचव्या दिवशी थांबली. तिसऱ्याने बॅटरीवर संशय घेतला. बॅटरी क्रेनने उचलून भाड्याची दुसरी ठेवली. गाडी सहा दिवस चालली. सातव्या दिवशी थांबली. मग व्यवस्थापनाने विचार केला, की गाडीतलं आता काय बदलायचं राहिलं? आणि त्यांनी ड्रायव्हर बदलला.

यात माझी पदरची अतिशयोक्ती नाही. 'यंत्र तीन-तीन जणांनी तपासलं, यंत्रात दोष नाही. तेव्हा दोष माणसात' असा हा बिनतोड तर्क होता. ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवतो, त्याला विश्रांती हवी असते, असं ठरलं. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस घरी गेला. नव्याच्या हाताखालीही गाडी थांबायला लागली, तेव्हा माझ्या मेव्हण्याला बोलावणं आलं.

त्याने आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. त्याने विचारलं, "पहिला ड्रायव्हर कुठंय?" लोक हसले. हा गाडी दुरुस्त करायला आलाय की सोयरीक जुळवायला? पण तो गेला, शेजारच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं आणि दोन कटिंगवर साक्ष घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पुढं जाताना कधी नाही थांबत. मागं घेताना थांबते. तेही मी वळून मागं बघितलं की." हे तुम्ही मेकॅनिकला सांगितलं होतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मला विचारलं कुणी?"

वाचकहो, या तीन शब्दांत सगळी केस आहे. सीट झाकणावर असते आणि सीटखालच्या स्विचची वायर झाकणाच्या बिजागरीपाशी वाकून आत जाते. बॅटरी चार्ज करताना हायड्रोजन साठू नये म्हणून झाकण उघडं ठेवतात. म्हणजे वायर रोज वाकायची, रोज सरळ व्हायची. वरचं प्लास्टिक शाबूत, पण आतले तांब्याचे केस एकेक करून तुटलेले. नुसते टेकलेले असायचे, म्हणून करंट जायचा. नेमाने वागणारा ड्रायव्हर मागे जाताना कमरेतून वळून मागे बघायचा, अंगाचा भार सीटच्या एका कडेला जायचा, झाकण केसभर दबायचं आणि टेकलेले तांबं सुटायचं. स्विच म्हणायचा, माणूस उठला! गाडी बंद. ड्रायव्हर दचकून सरळ बसायचा. तांबं पुन्हा टेकायचं. गाडी चालू.

म्हणजे बघा. मेकॅनिक ताठ बसून, समोर बघत गाडी मागे घेत होता, म्हणून त्याच्या हाती ती कधीच थांबली नाही. मागे न बघता गाडी रेटणारा बेफिकीर माणूस असता, तर त्यालाही त्रास झाला नसता. मागे कोणी माणूस तर नाही ना, हे बघणाऱ्याच ड्रायव्हरला दोष दिसत होता आणि नोकरी त्याचीच गेली. दुरुस्तीला दीड फूट वायर लागली.

आणि कंट्रोलर बदलल्यावर गाडी चार दिवस चालली ती का? माझ्या मते संपूर्ण खटल्यातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. कंट्रोलर बदलायला झाकण उघडावं लागलं. वायर हलली. तुटलेली टोकं वेगळ्या तऱ्हेने टेकली. बॅटरी बदलतानाही तेच झालं. गुण आला तो नव्या भागाचा नव्हे, उघडझाक केल्याचा! जोडणीची पिन काढून पुन्हा लावली, की तिच्यावरची मळी घासली जाते आणि काही दिवस यंत्र सुतासारखं चालतं. विद्वान मेकॅनिकला वाटतं, आपलं निदान बरोबर. मालकाला वाटतं, पैसे गेले पण काम झालं. दोष मात्र आत पाय पसरून बसलेला असतो, आणि आता त्याच्याकडे निर्दोषत्वाचं नवं सर्टिफिकेटही असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की मधूनमधून येणाऱ्या दोषाला विचारपूस केल्याशिवाय हात लावणं म्हणजे पंचनाम्याआधी प्रेत हलवणं आहे.

'आत्ता तर चालतंय'वाल्यांचा पाया असा, की जे आत्ता दिसत नाही ते नाहीच. पण हे दोष दिसू नयेत अशीच निसर्गाची व्यवस्था आहे. लेड-ॲसिड बॅटरीतला एखादा सेल थकलेला असला, तर तो भाराखाली मान टाकतो. आणि भार काढून तासभर आराम दिला, की व्होल्टेज पुन्हा वर येतं. मेकॅनिक यायला तास लागतोच. तोवर सेल वामकुक्षी घेऊन ताजातवाना! तीच गोष्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलची. तांबं दर अंशाला साधारण ०.४ टक्के जास्त विरोध करतं. गाडी राबून कॉइल ५० अंशांनी तापली, तर विरोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, करंट सहाव्या हिश्शाने घटतो आणि आधीच काठावर असलेला कॉन्टॅक्टर पकड सोडतो. गार झाला की पुन्हा धरतो. म्हणजे गाडी थांबणं हेच तिचं औषध आणि औषध लागू पडल्यावर डॉक्टर येणार!

नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांसारख्या जागी आणखी एक तऱ्हा. गाडी थंडीतून बाहेरच्या दमट हवेत आली, की चष्म्यावर बसतं तसं दव पिनांवर बसतं. अर्ध्या तासात ते वाळतं. पुरावा हवेत उडालेला असतो.

काही जण म्हणतात, आम्ही मीटर लावून बघितलं, वायर ठीक आहे. इथे मात्र कॉमर्सच्या माणसाला उठून उभं राहावंच लागतं. जाड केबलच्या टोकाचा लग सैल आहे आणि तिथे एक शतांश ओहमचा अडथळा आहे, असं समजा. साधा मल्टिमीटर हा अडथळा दाखवूच शकत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा विरोध याहून जास्त असतो. तो 'शून्य' सांगतो. पण त्याच सांध्यातून चढावर २०० अँपिअर गेले, तर गुणाकार करा: दोन व्होल्ट तिथेच गडप. आणि २०० गुणिले २०० गुणिले ०.०१ म्हणजे ४०० वॅट उष्णता. त्या बोटभर सांध्यात अर्धी इस्त्री पेटलेली आहे आणि मीटर म्हणतो, सगळं क्षेम! कारण मीटरने विचारलं ते गाडी झोपलेली असताना. माझा मेव्हणा मीटर सांध्याच्या दोन्ही बाजूंना जोडून ड्रायव्हरसमोर बांधतो आणि गाडीला तिच्या नेहमीच्या मालासकट नेहमीच्या चढावर पाठवतो. भार असताना दोन बाजूंत किती व्होल्ट हरवतात, ते बघायचं. हरवलेली रक्कम दिसली, की चोर दिसला.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच तर शिकवलं. ताळा जमला नाही, की वह्या बदलत नाहीत. फरक बघतात. फरकाला नवाने भाग गेला, तर कोणीतरी ७३ चे ३७ लिहिलेत का ते बघायचं. फरकाचं निम्मं करून तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली आहे का ते बघायचं. म्हणजे चूकच आपला पत्ता सांगते. कॅशमध्ये ३६ रुपयांचा फरक आला म्हणून काउंटर बदला, मग कॅशिअर बदला, मग शाखाच दुसरीकडे हलवा, असं कोणी म्हणालं तर त्याला आपण वेड्यात काढू. फोर्कलिफ्टच्या बाबतीत हेच करणाऱ्याला आपण चेक देतो.

इथवर नुसता पैशाचा प्रश्न होता. पण दोष सापडेनासा झाला, की एक तिसरा माणूस पुढे येतो. तो फार लोकप्रिय असतो. तो म्हणतो, "कशाला डोकं लावता? स्विच डायरेक्ट करून टाकतो." सीटच्या स्विचची दोन टोकं पिळून एकत्र बांधली, वर टेप. झालं! आता गाडी कधीच थांबत नाही. सगळे खूश. त्या दिवसापासून गाडीच्या मते सीटवर कोणीतरी कायम बसलेलं असतं, अगदी ड्रायव्हर उतरून पॅलेटमागे वाकलेला असला तरी. दांडा पुढच्या बाजूला राहिलेला, किल्ली चालू, वरून एखादी पिशवी पेडलवर पडली किंवा चढताना दुसऱ्याचा पाय लागला, की दोन टनांची गाडी आपल्याच मालकाच्या अंगावर जाणार. 'आत्ता तर चालतंय' या वाक्याचा शेवट होतो तो इथे. आधी दोषावर अविश्वास, मग माणसावर अविश्वास, आणि शेवटी त्या माणसाला वाचवणाऱ्या स्विचचाच गळा आवळायचा.

आणि हे फक्त आपल्याकडच्या गोदामांत चालतं, असा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशनचा स्विच सैल होता. गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीच्या जुडग्याचं वजन पडलं, की किल्ली आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. मधूनमधूनच! तक्रारी आल्या, पण कंपनीने हा प्रश्न सुरक्षेचा नसून ग्राहकाच्या सोयीचा आहे, असं ठरवलं. म्हणजे त्यांचं इंग्रजीतलं 'आत्ता तर चालतंय'च. पुढे २००६ साली स्विच गुपचूप सुधारला, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष येतो आणि नव्यांत का येत नाही, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं उमगेना. आमच्याकडे साध्या व्हाउचरवर आकडा खोडला तरी शेजारी सही लागते. इथे बिनसहीची खाडाखोड लाखो गाड्यांत फिरत होती. शेवटी २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या. या स्विचमुळे १२४ मृत्यू झाल्याचं भरपाईसाठी नेमलेल्या निधीने मान्य केलं. २०१५ साली कंपनीने ९० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. चटणीवर भागलं नाही.

आता प्रतिपक्षाचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. नाहीतर मीही 'आत्ता तर बरोबर आहे' म्हणून मोकळा व्हायचो. मेकॅनिक म्हणतो, मला भेटीचे पैसे मिळतात, ड्रायव्हरशी गप्पा मारायचे नाहीत. खरं आहे. दिवसभर गाडीमागे फिरून दीड फूट वायर बदलणाऱ्याचं बिल मालक कुरकुरत देतो आणि अर्ध्या तासात भारी पार्ट बसवणाऱ्याला चहा-बिस्किटं देतो. तेव्हा निम्मा आरोपी मालक आहे. पार्टला किंमत आहे आणि विचाराला नाही, असं ठरवल्यावर कोण कशाला विचार करील?

दुसरं म्हणणं असं, की आता नव्या गाड्या आल्या, लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, कंट्रोलर स्वतःच दोषांची यादी ठेवतो. ड्रायव्हरला कशाला विचारायचं? यादी ठेवतो, मान्य. ती जरूर वाचावी; पुसून टाकण्याआधी वाचावी, ही विनंती. पण कंट्रोलर सांगतो ते त्याच्या खुर्चीवरून दिसतं तेवढंच. 'व्होल्टेज कमी पडलं' एवढं तो लिहितो. ते बॅटरीत कमी पडलं, केबलमध्ये की सैल लगमध्ये, हे त्याला ठाऊक नसतं. आणि गाडी त्या वेळी मागे जात होती, पाऊस पडत होता, ड्रायव्हरने मान वळवली होती, हे तो कुठल्याच कोडमध्ये लिहीत नाही. ते फक्त माणूस सांगतो.

तिसरं म्हणणं, ड्रायव्हर खोटं बोलतो. बोलत असेलही. मग तर लिहून ठेवाच! खऱ्या दोषाला उष्णता, भार, धक्का, ओल यांचं वेळापत्रक असतं. खोट्या दोषाला जेवणाच्या सुट्टीचं वेळापत्रक असतं. पंधरा दिवसांच्या नोंदी दोघांनाही उघडं पाडतील.

लिहून ठेवण्याचा महिमा सांगायला एक जुना दाखला देतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्क-टू नावाच्या गणकयंत्राची चाचणी चालू होती. ते रिलेवर चालायचं. रिले म्हणजे आपल्या कॉन्टॅक्टरचा धाकटा भाऊ. यंत्र अडलं. शोधल्यावर एका रिलेत चक्क एक पतंग सापडला. यंत्रातल्या बारीक दोषाला 'किडा' म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात तो शब्द वापरला आहे. इथे खराखुरा किडा निघाला. आपण काय केलं असतं? चिमटीने उडवून दिला असता आणि म्हणालो असतो, 'आत्ता तर चालतंय!' त्या मंडळींनी पतंग चिकटपट्टीने वहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली: १५ वाजून ४५ मिनिटं, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. मला त्या पतंगाचं कौतुक नाही. कौतुक आहे ते शेजारी लिहिलेल्या वेळेचं आणि जागेचं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक फोर्कलिफ्टला एक वही बांधा, आमच्या काउंटरवर दोरीने पेन बांधलेलं असतं तशी. तिच्यात सहा रकाने: वेळ, जागा, भार किती, पुढे की मागे, गाडी गरम की गार, आणि थांबली त्या क्षणी ड्रायव्हर काय करत होता. लिहायचं ड्रायव्हरने, त्याच्या भाषेत, शुद्धलेखन न बघता. मेकॅनिकने आधी ती वही वाचायची, मग ड्रायव्हरशी बोलायचं, मग कोड वाचायचा आणि सर्वांत शेवटी पाना उचलायचा. जो भाग बदलला तो आणि का बदलला ते कारण त्याच वहीत लिहून खाली सही करायची. आणि स्विच डायरेक्ट करणाऱ्याला त्याच गाडीसमोर उभं करून विचारायचं, की बाबा, तू हिच्यामागे वाकशील का?

त्या गोदामातल्या पहिल्या ड्रायव्हरला दुसरीकडे काम मिळालं, हे त्याचं नशीब. पण जुन्या कंपनीच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शब्द अजून तसाच आहे. वायर बदलली गेली; तो शब्द खोडून शेजारी सही करायला मात्र कोणी तयार नाही. वाचकहो, तुमच्या कारखान्यात, दुकानात, सोसायटीच्या लिफ्टपाशी कोणी जाणता माणूस भुवया उंचावून 'आत्ता तर चालतंय!' म्हणाला, तर ओशाळू नका. माफी तर मुळीच मागू नका. त्याला चहा द्या, समोर बसवा आणि शांतपणे म्हणा, "आत्ताचं राहू द्या. चालत नाही ते केव्हा, हे आधी त्या ड्रायव्हरला विचारून या."